डॉ. व्हर्जिनिया ॲपगार : पहिल्या मिनिटाची नोंद

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी कपाट आवरताना (म्हणजे आईने जबरदस्तीने आवरायला लावलं तेव्हा) एक जुनी प्लास्टिकची फाईल सापडली. आत माझा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि घड्यांवर फाटत आलेला एक डिस्चार्ज पेपर. त्यावर निळ्या शाईत एक ओळ होती : ॲपगार, १ मिनिट – ४, ५ मिनिटं – ८. आपण पडलो इंजिनियरिंगवाले! माझा पहिला प्रश्न, कितीपैकी? दहापैकी चार म्हणजे चाळीस टक्के, म्हणजे अगदी काठावर पास. मी हसत हसत आईला विचारलं, तर ती हसली नाही. जरा वेळाने तिने सांगितलं की जन्मल्यावर मी रडलेच नव्हते. अंग निळं होतं, हातपाय गळून गेले होते. एका सिस्टरांनी मला उचलून बाजूच्या टेबलावर नेलं आणि इवल्याशा मास्कमधून हवा दिली. मी रडले तोपर्यंतचा तो वेळ आई अजून विसरलेली नाही. आणि मला ही गोष्ट वीस वर्षं कोणी सांगितलीच नव्हती!

माझी मावसबहीण एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला फोन लावला. तिने ॲपगार म्हणजे पाच इंग्रजी शब्दांचा शॉर्टफॉर्म असल्याचं ठामपणे सांगितलं आणि पाचही शब्द घडाघडा म्हणून दाखवले. मलाही पटलं. नंतर लायब्ररीत शोधलं तेव्हा कळलं की ॲपगार हे एका बाईचं आडनाव आहे. शॉर्टफॉर्म मागाहून जुळवलाय. तेव्हापासून ह्या बाई माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तिथे मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी गुपचूप सुधाराव्यात ही विनंती.)

व्हर्जिनियाचा जन्म ७ जून १९०९ चा. गाव अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं वेस्टफील्ड. घरात आजारपण कायमचं मुक्कामाला. एक भाऊ क्षयाने लहानपणीच गेला, दुसऱ्याला त्वचेचा चिवट आजार. डॉक्टर व्हायचं हे तिने शाळेतच ठरवून टाकलं होतं. आणि वडील? वडील म्हणजे आपल्या ईअँडटीसीच्या पोरांनी ज्यांचा फोटो लॅबमध्ये लावावा असं प्रकरण. चार्ल्स ॲपगार हे नोकरीने विमा कंपनीतले, पण जीव सगळा घरच्या वायरलेस सेटमध्ये. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, लाँग आयलंडवरच्या सेव्हिल इथल्या एका जर्मन मालकीच्या वायरलेस केंद्राबद्दल अमेरिकन सरकारला संशय होता. व्यापारी तारांच्या आडून ते जर्मनीला गुप्त संदेश पाठवतं असं वाटत होतं, पण पुरावा नव्हता. कानाने ऐकलेलं कोर्टात कोण धरणार? चार्ल्स ॲपगारांनी आपला रिसीव्हर एडिसनच्या फोनोग्राफला जोडला आणि ते सिग्नल मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले. सरकारने त्याच वर्षी ते केंद्र ताब्यात घेतलं. व्हर्जिनिया तेव्हा सहा वर्षांची होती. घरातच असा नमुना असल्यावर ऐकणं वेगळं आणि नोंद ठेवणं वेगळं हे पोरीला वेगळं शिकवावं लागलं नसणार. हा माझा अंदाज, पण पुढचं वाचून तुम्हालाही पटेल.

माउंट होलिओक कॉलेजात तिने प्राणीशास्त्र घेतलं. स्कॉलरशिप होती पण पुरायची नाही, म्हणून जोडीला मिळेल ते काम. त्यातलं एक काम म्हणजे प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरं पकडून आणणं! (आपल्या मेसमागे हा उद्योग जोरात चालला असता.) खेळ, नाटक, कॉलेजचं वार्तापत्र, ऑर्केस्ट्रा सगळीकडे ही बाई हजर. १९२९ मध्ये पदवी घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली आणि महिन्याभरातच वॉल स्ट्रीटचा शेअरबाजार कोसळला. मंदीच्या दिवसांत, नव्वद जणांच्या वर्गातल्या नऊ मुलींपैकी एक, अशी ती १९३३ मध्ये चौथ्या क्रमांकाने पास झाली. डोक्यावर जवळजवळ चार हजार डॉलरचं कर्ज होतं.

इथून पुढे मी त्यांना मॅडम म्हणणार, कारण आता त्या डॉक्टर झाल्या.

मॅडमना सर्जन व्हायचं होतं. सर्जरीची इंटर्नशिप मिळाली, हात चांगला होता, कौतुकही झालं. पण विभागप्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेवरून परत फिरवलं. त्यांच्याकडे आधी शिकलेल्या बायकांचा सर्जन म्हणून जम बसला नव्हता, आणि मंदीत तर पुरुष सर्जनांचीच पंचाईत होती. त्याऐवजी भूलशास्त्र घ्या, असा सल्ला त्यांनी दिला. ह्यावर आमच्या रूममध्ये दोन रात्री वाद झाला. एकीचं म्हणणं, हा उघड अन्याय आहे. दुसरीचं म्हणणं, व्हिपल यांना खरोखर भूलशास्त्र सुधारायला हुशार माणूस हवा होता, आणि ते खरंही आहे. त्या काळी भूल देण्याचं काम बहुतेक ठिकाणी नर्स करायच्या, आणि शस्त्रक्रिया मोठ्या होत चालल्या तसं ते काम डॉक्टरी ज्ञानाशिवाय भागेना. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. सल्ला उपयोगी होता आणि अन्यायही होता. मॅडमनी चरफडत बसण्यापेक्षा तो घेतला.

शिकायला त्या विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे गेल्या. तिथे बाई डॉक्टरसाठी राहायची सोयच नाही! होस्टेलची वेटिंग लिस्ट काय असते ते आपल्याला माहीत आहे, त्यांना तर पुन्हा पुन्हा बोचकं उचलून जागा बदलावी लागली. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात काही महिने. १९३८ मध्ये त्या कोलंबियाला परतल्या ते भूलशास्त्र शाखेच्या प्रमुख म्हणून. नाव मोठं, पण हाताखाली माणसं नाहीत, सर्जन बरोबरीचं मानायला तयार नाहीत, आणि त्यात दुसरं महायुद्ध. अकरा वर्षं त्यांनी हा गाडा ओढला. १९४९ मध्ये शाखेचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा प्रमुखपद एका पुरुषाला मिळालं. मॅडम पूर्ण प्रोफेसर झाल्या, त्या मेडिकल कॉलेजातल्या पहिल्या बाई प्रोफेसर, पण खुर्ची गेली ती गेलीच. मग त्या वळल्या बाळंतपणातल्या भूलशास्त्राकडे. तिकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं.

आता खरा विषय.

१९३० ते १९५० ह्या काळात अमेरिकेत बालमृत्यू कमी होत होते. एक आकडा मात्र हलत नव्हता, तो म्हणजे जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचा. कारण काय? बाळंतपणाच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष आईकडे. डॉक्टर टाके घालतायत, भूलवाले आईची नाडी बघतायत, आणि बाळ गुंडाळून बाजूला. बाळ दमात नसेल तर काय करायचं हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर, आणि ते ठरायच्या आत वेळ निघून जायचा. कितीतरी बाळं अशक्त जन्मली म्हणून नशिबावर सोडली जायची. त्या बाळांचं काय झालं, कोणाला हवा दिली, कोणाला नाही, कोण जगलं, ह्याची तुलना होईल अशी नोंद कुठेच नव्हती. ज्याची नोंद नाही ते सुधारणार तरी कसं?

सांगतात ते असं, की १९४९ च्या सुमारास एका सकाळी मॅडम हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नाश्ता करत होत्या. एका शिकाऊ डॉक्टरने सहज विचारलं, की नवजात बाळाची तब्येत झटकन कशी मोजायची. मॅडमनी समोर पडलेलं एक कार्ड ओढलं. आपापला ट्रे आपणच उचलून ठेवा, अशी सूचना त्यावर छापलेली होती. त्यावर त्यांनी पाच मुद्दे लिहिले आणि ते करून बघायला तशाच लेबर वॉर्डकडे पळाल्या. (आपल्या मेसमध्येही ही सूचना आहे. तिचा असा उपयोग अजून कोणी केलेला नाही.)

ते पाच मुद्दे असे. बाळाच्या हृदयाचे ठोके किती? ते श्वास घेतंय का, रडतंय का? नाकात नळी घातली किंवा तळव्याला टिचकी मारली तर तोंड वाकडं करतंय का? हातपाय ताठ आहेत की लोळागोळा? अंग गुलाबी आहे की निळं? प्रत्येकाला ०, १ किंवा २. एकूण दहा. मोजायचं बाळ बाहेर आल्यावर बरोबर साठ सेकंदांनी. यंत्र नाही, तपासणी नाही, फार तर एक स्टेथोस्कोप. पाच मिनिटांनी परत मोजायची पद्धत मागाहून आली.

ह्यात ग्रेट काय, असं वाटेल. मलाही आधी वाटलं. पण स्पेसिफिकेशन लिहायला बसलात की कळतं. मॅडमपुढे मोजण्यासारख्या कितीतरी गोष्टी होत्या. त्यांनी त्यातल्या पाचच ठेवल्या, अशा, की कुठल्याही नर्सला, कुठल्याही खेड्यातल्या दवाखान्यात, मध्यरात्री, हात न थांबवता बघता येतील. मोजायला बाळाकडे बघावंच लागतं. म्हणजे आकडा लिहिण्याच्या निमित्ताने कोणीतरी एक माणूस त्या साठाव्या सेकंदाला फक्त बाळाकडे बघत असतो!  माझे चार होते. कोणीतरी बघितलं म्हणून चार, नाहीतर पुढे आठ झालेच नसते.

आणखी एक नियम मॅडमनी घातला तो मला सगळ्यात आवडला. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरने स्वतः मार्क द्यायचे नाहीत. ते दुसऱ्या कोणीतरी द्यायचे. कारण ज्याने मेहनत केली त्याला आपलं बाळ गुलाबीच दिसणार! प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःच टेस्टिंग करू नये, हे आपल्याला सॉफ्टवेअर इंजिनियरिंगच्या पेपरात पाच मार्कांना येतं. मॅडमना ते प्रसूतिगृहात समजलं होतं.

१९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत भूलतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. पुढची मजा पाच अंकांची नाही, तर ते अंक साठत गेले त्याची आहे. सगळीकडे एकाच पट्टीने मोजलं की आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. सिझेरियनच्या वेळी आईला पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली तर बाळाला जास्त मार्क पडतात, पूर्ण भूल दिली तर कमी, हे दिसायला लागलं. मग डॉ. डंकन हॉलडे आणि डॉ. स्टॅनली जेम्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बाळांच्या नाळेतल्या रक्तातला ऑक्सिजन, आम्लता आणि भुलीच्या औषधाचं प्रमाण मोजायला सुरुवात केली. कमी मार्कांची बाळं म्हणजे ऑक्सिजन कमी आणि रक्तातली आम्लता जास्त असलेली बाळं, असा मेळ बसला. ही बाळं जात्याच अशक्त नसतात, ती गुदमरलेली असतात, आणि त्यावर उपाय करता येतो.

त्यातच एक नको ते निघालं. सायक्लोप्रोपेन नावाचा भुलीचा गॅस तेव्हा बाळंतपणात सर्रास वापरला जायचा. आईला तो चांगला मानवायचा. पण आकड्यांनी दाखवून दिलं की त्याने बाळं मलूल होतात. हा मॅडमचा स्वतःचा आवडता गॅस! त्यांनी निकाल दाबला नाही, की दोनचार रीडिंग इकडची तिकडे केली नाहीत. (फिजिक्सच्या जर्नलमध्ये आलेख सरळ यावा म्हणून आपण काय काय करतो ते इथे लिहीत नाही.) निकाल बाहेर आल्यावर बाळंतपणात तो गॅस मागे पडत गेला. १९५८ मध्ये त्यांचा दुसरा अहवाल आला, त्यात १५,३४८ बाळांच्या नोंदी होत्या. पाठोपाठ अमेरिकेतल्या बारा संस्थांच्या एकत्रित अभ्यासात १७,२२१ बाळं आली. तो सगळा हिशोब कागदावर भरलेल्या पाच रकान्यांवर उभा होता.

शॉर्टफॉर्मची भानगड १९६० नंतरची. डेन्व्हरच्या डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी विद्यार्थ्यांना पाठ व्हावं म्हणून ॲपगार ह्या आडनावाच्या पाच अक्षरांवरून अपीअरन्स, पल्स, ग्रिमेस, ॲक्टिव्हिटी, रेस्पिरेशन असे पाच शब्द जुळवले. रंग, नाडी, तोंड वाकडं करणं, हालचाल, श्वास. इतकं फिट्ट बसलं की खाली खरी बाई आहे हेच लोक विसरले. माझ्या बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती अर्धा मिनिट गप्प होती, हे आमच्या घरात रेकॉर्ड आहे.

१९५९ मध्ये पन्नाशीच्या मॅडम पुन्हा विद्यार्थी झाल्या. जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायला गेल्या, त्यातही मुख्यतः संख्याशास्त्र नीट यावं म्हणून. एम-थ्रीला वैतागलेल्यांनी नोंद घ्यावी. त्यानंतर हॉस्पिटल सोडून त्या मार्च ऑफ डाइम्स ह्या संस्थेत जन्मजात दोषांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. ही संस्था मूळची पोलिओसाठीची. लस आल्यावर तिने हा नवा विषय घेतला होता. तेव्हा व्यंग असलेलं मूल लोक लपवून ठेवायचे. मॅडम गावोगाव फिरून त्यावर खुल्लमखुल्ला बोलायच्या, आणि इतक्या भरभर बोलायच्या की लिहून घेणाऱ्याची दमछाक. १९६४–६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, गर्भवती बायकांना लागण होऊन हजारो मुलं बहिरी किंवा हृदयदोष घेऊन जन्मली. त्यानंतर लसीकरणाच्या प्रचारात त्या पुढे होत्या. १९७२ मध्ये जोन बेक यांच्याबरोबर त्यांनी आईबापांसाठी एक पुस्तकही लिहिलं.

पण मॅडम म्हणजे नुसतं काम असं समजू नका. पन्नाशीत त्या विमान चालवायला शिकल्या आणि न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखालून विमान काढायचं स्वप्न बघायच्या. पर्समध्ये एक चाकू आणि श्वासाची नळी कायम, रस्त्यात कोणाचा श्वास अडकला तर! आणि व्हायोलाचा किस्सा तर ऐकाच. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा जरा जाड आवाजाचा थोरला भाऊ. त्यांच्या एका पेशंटने, कार्लीन हचिन्स यांनी, त्यांना वाद्यं बनवायला शिकवलं. एकदा हॉस्पिटलच्या लॉबीतल्या टेलिफोन बूथमधली फळी दोघींच्या नजरेत भरली. सुंदर मेपलचं लाकूड, व्हायोलाच्या पाठीसाठी अगदी तयार माल! रीतसर मागितली, मिळाली नाही. मग रात्री दुसरी फळी घेऊन दोघी गेल्या. हचिन्स बाई आत फळी बदलतायत आणि भूलशास्त्राच्या प्रोफेसर मॅडम बाहेर युनिफॉर्ममध्ये पहारा देतायत. बदली फळी नेमकी पाव इंच लांब निघाली! मग लेडीज टॉयलेटमध्ये बसून करवतीने कापली. त्या लाकडाचा व्हायोला झाला आणि चांगला वाजला. (वॉर्डन मॅडम, आम्ही फक्त वाचतोय.)

७ ऑगस्ट १९७४ ला, यकृताच्या आजाराने, त्या ज्या हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं राबल्या तिथेच त्या गेल्या. वय ६५. लग्न केलं नव्हतं. १९९४ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांचं वीस सेंटचं तिकीट काढलं, तेव्हा डॅलसला बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत डॉक्टरांनीच त्यांनी बनवलेली चार वाद्यं वाजवली.

त्या गेल्या तेव्हा बहुतेक हॉस्पिटलांत केसपेपर खरोखरच पेपर होता. आता तो कॉम्प्युटरवर आलाय, त्याला इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड म्हणतात. पेशंटचा इतिहास, औषधं, तपासण्या, सगळं एका जागी. साठवलेल्या नोंदींची ताकद काय असते बघा. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या डॉक्टरांनी १९८८ ते १९९८ ह्या काळातल्या १,५१,८९१ बाळांच्या नोंदी तपासल्या. पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये पाचव्या मिनिटाला सात किंवा जास्त मार्क असतील तर नवजात अवस्थेतच दगावण्याचं प्रमाण हजारी ०.२, आणि तीन किंवा कमी असतील तर हजारी २४४. कँटीनच्या कार्डवरचे पाच मुद्दे पन्नास वर्षांनीही खरे ठरत होते.

वॉर्डातल्या मोठ्या मुलांसाठी याच पठडीतलं एक काम इंग्लंडमध्ये ब्रायटनला झालं, ते २००५ मध्ये छापून आलं. मूल कसं वागतंय, रक्ताभिसरण कसं आहे, श्वास कसा आहे, याला मार्क द्यायचे आणि बेरीज वाढली की डॉक्टरला बोलवायचं. आता कित्येक हॉस्पिटलांत ही बेरीज कॉम्प्युटर करतो आणि स्वतःच सूचना देतो. लहान मुलांसाठी हे फार मोलाचं, कारण त्यांना सांगता येत नाही, आणि बिघडतात तेव्हा भराभर बिघडतात. औषधाचं पण तसंच. मोठ्यांना एक गोळी म्हणजे एक गोळी, पण मुलांचा प्रत्येक डोस किलोवर हिशोब करून. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट! कॉम्प्युटर अशा वेळी अडवू शकतो. अर्थात वजन बरोबर भरलेलं असेल तर.

पण गंमत अशी, की नुसता कॉम्प्युटर आणून भागत नाही. पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात २००२ मध्ये औषधांच्या ऑर्डर कॉम्प्युटरवर देण्याची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सुरू केली. २००५ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी अभ्यास छापला. दुसऱ्या हॉस्पिटलांतून तातडीने आणलेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं! पूर्वी मूल वाटेवर असतानाच औषधं लिहून तयार ठेवता यायची. आता मूल पोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डर टाकताच येत नव्हती, आणि माणसं पलंगाजवळून उठून स्क्रीनजवळ बसली होती. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तेच सॉफ्टवेअर सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलाने नेहमीच्या ऑर्डरींचे संच आधी तयार ठेवून वापरलं, तिथे मृत्यू वाढले नाहीत. आणि २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या मुलांच्या हॉस्पिटलातून अशाच पद्धतीनंतर मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांनी उतरल्याची नोंद आली. मला पिट्सबर्गच्या डॉक्टरांचं जास्त कौतुक वाटतं. आपला आवडता गॅस त्यांनीही लपवला नाही.

हे सगळं मी एवढं खोदत बसले कारण आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट. विषय, बालवॉर्डासाठी नोंदींचं सॉफ्टवेअर. आम्ही चौघींनी रात्री जागून एक फॉर्म बनवला. बेचाळीस रकाने! रंगीत बटणं, ड्रॉपडाऊन, सगळं. गाईड सर खूश. मग तो एका हॉस्पिटलात दाखवायला नेला. तिथल्या सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसता तळहात पुढे केला. तळहातावर पेनाने तीन पलंगांचे ताप आणि नाडी लिहिलेले. ड्यूटी संपताना वेळ मिळेल तेव्हा ते कॉम्प्युटरवर चढवायचे. म्हणजे दुपारी दोनचा ताप रात्री आठला स्क्रीनवर येणार, आणि तोवर आमचा फॉर्म, कितीही रंगीत असला तरी, आंधळा. मग त्यांनी वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो आम्ही ऐच्छिक ठेवला होता! बाळाचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, पिनकोड सक्तीचे, आणि वजन भरलं तर भरलं. आम्हा चौघींपैकी एकीलाही ते खटकलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही.

फॉर्म परत केला. पहिल्या पडद्यावर आता सहाच रकाने आहेत, पलंगाशी उभं राहून एका हाताने भरता येतील असे. वजन किलोत, सक्तीचं, आणि वयाच्या मानाने विचित्र आकडा टाकला तर पुन्हा विचारतो. बाकीचे छत्तीस मागच्या पडद्यावर गेले, गाईड सरांना जरा वाईट वाटलं. सिस्टरांना परत नेऊन दाखवलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघून एकदा भरून बघितलं आणि एकच गोष्ट वाढवायला सांगितली, नोंद कोणी केली त्याचं नाव. तो रकाना आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री टाकला. घरी फोन करून आईला माझ्या त्या पेपरचा फोटो पाठवायला सांगितलं. निळ्या शाईतल्या ओळीशेजारी सही आहे, पण ती कोणाची ते वाचता येत नाही.